पगाराचे शहर, हंगामाचे गाव

बेळगाव आणि निपाणी ही सीमाभागातली दोन ठिकाणे पुणे–बेंगळूर महामार्गावर एकमेकांपासून सुमारे पाऊणशे किलोमीटरवर आहेत. दोन्हीकडे मराठी आणि कन्नड एकाच बाजारात, अनेकदा एकाच दुकानात बोलल्या जातात. मराठा, लिंगायत, जैन, ब्राह्मण, मुसलमान आणि दलित अशी मिश्र वस्ती दोन्ही ठिकाणी आहे. इंग्रजी अमलात दोन्ही एकाच जिल्ह्यात होती आणि आजही आहेत. इतके सारखेपण असूनही दोन्हींच्या गजबजीत मोठा फरक आहे. बेळगावचा बाजार बारा महिने साधारण एकाच वेगाने चालतो. निपाणीचा बाजार पावसाळ्यात मंद असे आणि माघ-फाल्गुनात अंगात वारे आल्यासारखा उसळे. हा फरक लोकांच्या स्वभावातून आलेला नाही. गावात पैसा कोणाच्या हातून येतो आणि वर्षाच्या कोणत्या दिवसांत येतो, यातून तो घडला. बेळगाव पगारावर वाढले आणि निपाणी पिकावर. दोन्ही गावांचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास या एका भेदाच्या आधाराने बराचसा उलगडतो.

आशियातल्या मोठ्या शहरांच्या जोड्यांतही हा भेद दिसतो. जपानमध्ये १६३५ नंतर सरदारांना एक वर्षाआड एडोत, म्हणजे आजच्या टोकियोत, राहण्याची सक्ती झाली. त्यांचे हजारो शिपाई आणि नोकर ठरलेल्या तांदळाच्या वेतनावर तिथे राहू लागले आणि अठराव्या शतकात एडोची वस्ती दहा लाखांच्या घरात गेली. त्याच काळात ओसाका हे व्यापाऱ्यांचे शहर होते. देशभरचा तांदूळ तिथल्या कोठारांत येई आणि दोजिमाच्या बाजारात त्याचे भाव ठरत. या बाजाराला १७३० साली सरकारी मान्यता मिळाली. एडोत सण, नाटके, खानावळी आणि उधळपट्टी यांचा जोर होता, तर ओसाकात हिशेब, भाव आणि वायद्यांचा. बेळगाव आणि निपाणी त्यांच्यापुढे फार लहान आहेत, पण त्यांच्यातले अंतर याच जातीचे आहे.

बेळगावचा प्राचीन इतिहास इथे थोडक्यात पुरे. तेराव्या शतकाच्या आरंभी सौंदत्तीच्या रट्ट राजांनी वेणुग्राम ही राजधानी केली. चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बिचिराज याने १२०४ च्या सुमारास किल्ल्यात जैन बसदी बांधली आणि ती कमल बस्ती या नावाने आजही उभी आहे. पुढे यादव, विजयनगर आणि बहमनी यांच्याकडे गाव फिरत राहिले. बहमनी सेनापती महमूद गावान याने १४७२-७३ च्या मोहिमेत किल्ला घेतला. आदिलशाहीत असदखान लारी इथे होता आणि किल्ल्यातली सफा मशीद त्या काळातली आहे. मोगल, हैदरअली आणि पेशवे यांच्यानंतर १८१८ च्या एप्रिलमध्ये जनरल मन्रोने वेढा घालून किल्ला इंग्रजांकडे घेतला. या सहाशे वर्षांत किल्ला हेच गावाच्या अस्तित्वाचे कारण होते. सत्ता कोणाचीही असो, इथे शिबंदी राहणार आणि शिबंदीला धान्य, चारा, कापड, चामडे लागणार, हे ठरलेले होते.

इंग्रजांनी ही जुनी रीत मोठ्या प्रमाणावर चालवली. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंची, सह्याद्रीची जवळीक, भरपूर पाऊस आणि सौम्य उन्हाळा यांमुळे गोऱ्या पलटणींना ही जागा मानवली. गरिबांचे महाबळेश्वर ही बेळगावची ओळख या हवेमुळे पडली. १८३० नंतरच्या दशकात छावणी स्थिर झाली आणि १८३६ मध्ये धारवाडपासून तोडून बेळगावचा स्वतंत्र जिल्हा झाला. म्हणजे सैन्याच्या जोडीला कलेक्टर कचेरी आली, न्यायालय आले, तुरुंग आला आणि त्यांच्या मागोमाग कारकून, वकील, मास्तर आले. कॅम्प भाग रुंद रस्त्यांचा, बंगल्यांचा आणि झाडांचा झाला. जुने गाव किल्ल्याच्या पश्चिमेला गल्ल्यागल्ल्यांनी वाढले. खडे बाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली, समादेवी गल्ली अशा नावांत त्या वाढीचा नकाशा आजही वाचता येतो.

छावणीचा बाजारावर होणारा परिणाम बारकाईने पाहण्यासारखा आहे. पलटणीला रोज पाव, मांस, दूध आणि भाजी लागते; शिंपी, धोबी, मोची, सुतार लागतात. हे सारे काम ठेक्याने चाले आणि ठेक्याचे पैसे ठरल्या वेळी मिळत. पाऊस कमी झाला म्हणून पलटण जेवायची थांबत नाही. त्यामुळे आसपासच्या खेड्यांतल्या भाजी पिकवणाऱ्यांना आणि गवळ्यांना वर्षभर खात्रीचे गिऱ्हाईक मिळाले. बेळगावच्या भाजीबाजाराची सवय तिथून पडली. पुढे गोव्याला रोज भाजी पुरवणारा बाजार म्हणून या शहराचे नाव झाले, त्यामागे ही शिस्त आहे. १९२२ च्या लष्करी फेररचनेत मराठा पलटणींची प्रशिक्षण तुकडी बेळगावात आली आणि आजचे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र त्याच परंपरेतले आहे. कोल्हापूर, सातारा, सांगली, कोकण इथली हजारो पोरे भरतीच्या निमित्ताने पहिल्यांदा घराबाहेर पडली ती बेळगावला. पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत बेळगाव हे नाव आजही पहिल्या पगाराशी जोडलेले आहे.

शहरात या पगारी जगाशेजारी आणखी एक जग होते, ते शहापूरचे. आज शहापूर बेळगावचा एक भाग आहे, पण १९४८ पर्यंत ते सांगलीच्या पटवर्धन संस्थानात होते. रस्ता ओलांडला की अंमल बदले. एकोणिसाव्या शतकात सराफी आणि कापडाच्या व्यापारात शहापूरचा दबदबा बेळगावपेक्षा मोठा होता. शहापूर, वडगाव, खासबाग या पट्ट्यात विणकरांची घरे होती आणि हातमागांचा खटखटाट दिवसभर चाले. शहापुरी साडीला कोकणात, गोव्यात आणि घाटमाथ्यावर मागणी होती. विणकराची मिळकत पगारासारखी ठरलेली नव्हती. लग्नसराईच्या आधी माग जोरात आणि आषाढ-श्रावणात हातावर हात, असे तिथे चाले. बेळगावला सावकारी भांडवल आणि कारागिरी ही दोन्ही शहापूरकडून मिळाली. केवळ छावणीने बाजार उभा राहतो, शहर उभे राहायला असा शेजार लागतो.

दळणवळणानेही बेळगावला चारही दिशांना बांधले. आंबोलीमार्गे वेंगुर्ल्याला जाणारा घाटरस्ता १८६९ च्या सुमारास गाड्यांना खुला झाला आणि देशावरचा कापूस बैलगाड्यांनी वेंगुर्ले बंदरात उतरू लागला. पण १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे आली, लोंढ्यावरून मुरगावचे बंदर जोडले गेले आणि वेंगुर्ल्याची वाट मंदावली. एका बंदराचे नुकसान झाले, मात्र बेळगावचा फायदा कायम राहिला, कारण रस्ता आणि रेल्वे या दोन्ही वाटा बेळगावातूनच जात होत्या. निपाणीला रेल्वे मिळाली नाही. आजही निपाणीत रेल्वे स्टेशन नाही आणि तिथल्या बाजाराचे रूप ठरवण्यात या गोष्टीचा मोठा हात आहे.

पगारदार माणसाला संध्याकाळ मोकळी मिळते. बेळगावच्या सांस्कृतिक घडणीत ही साधी गोष्ट फार महत्त्वाची ठरली. सार्वजनिक वाचनालयाची परंपरा इथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आहे. गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर शिक्षणाच्या आणि नोकरीच्या फिरतीत बेळगावात राहिले. इथल्या हौशी मंडळींबरोबर त्यांनी नाटकाचे जे प्रयोग केले, त्या तालमीतूनच पुढे १८८० साली पुण्यात संगीत शाकुंतल उभे राहिले. मराठी संगीत रंगभूमीच्या जन्माचा मान पुण्याला मिळतो. पण तिची पूर्वतयारी जिथे कन्नड यक्षगानाचे आणि कर्नाटकी चालींचे कान तयार होते, अशा या मुलखात झाली, हे विसरता कामा नये. त्याच गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि पुढे लोखंडी नांगर तयार केला. नगरविस्तारासाठी जागा सोडावी लागल्यावर ते १९१० मध्ये औंध संस्थानात गेले आणि तिथे किर्लोस्करवाडी वसली. बेळगावच्या हातून एक मोठा उद्योग निसटला. शहरात किर्लोस्कर रोड हे नाव तेवढे राहिले.

शाळांनी या शहराला जी उंची दिली ती बाजाराने दिली नसती. लंडन मिशनने सुरू केलेल्या परंपरेतले बेनन स्मिथ हायस्कूल, १९१६ मध्ये सात शिक्षकांनी उभी केलेली कर्नाटक लिंगायत शिक्षण संस्था, १९३३ चे लिंगराज कॉलेज आणि मराठी मंडळींच्या पुढाकाराने चाललेले राणी पार्वतीदेवी कॉलेज यांमुळे कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषांतला शिक्षकवर्ग एकाच शहरात आला. पु. ल. देशपांडे राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते. ‘गणगोत’मधल्या त्यांच्या रावसाहेबांचे बेळगाव हे नाट्यवेड्या, गाणेवेड्या, दोन भाषांत शिव्या देणाऱ्या आणि जीव लावणाऱ्या माणसांचे शहर आहे. जी. ए. कुलकर्णी यांचे बालपण आणि शालेय शिक्षण बेळगावचे. इंदिरा संत यांचे मूळ गाव निपाणीजवळचे तवंदी आणि आयुष्यभराची शिक्षकी बेळगावची. कुमार गंधर्व शहरापासून जवळच्या सुळेभावीत जन्मले. इतक्या लहान मुलखातून इतकी माणसे आली याचे श्रेय एकट्या प्रतिभेला देऊन भागत नाही. वाचनालय, नाट्यगृह, महाविद्यालय आणि महिन्याच्या शेवटी खात्रीने येणारा पगार यांचा त्यात वाटा आहे.

राजकारणाची गर्दीही बेळगावात जमली ती याच सोयींमुळे. एप्रिल १९१६ मध्ये मुंबई प्रांतिक परिषदेच्या वेळी टिळकांनी इथे होमरूल लीग स्थापली. १९१९ मध्ये बाबुराव ठाकूर यांनी ‘तरुण भारत’ सुरू केले. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ रोजी टिळकवाडीच्या मैदानावर काँग्रेसचे अधिवेशन झाले. महात्मा गांधी अध्यक्ष असलेले हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांनी त्याची उभारणी केली. मंडपाच्या नगराला विजयनगर नाव दिले आणि पाण्यासाठी खणलेल्या विहिरीला पंपा सरोवर. त्याच मांडवात हुइलगोळ नारायणराव यांचे कन्नड नाडगीत गायले गेले आणि कर्नाटक एकीकरणाची परिषदही त्याच दिवसांत भरली. बावीस वर्षांनी, मे १९४६ मध्ये, ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणी तिथे ठरावाच्या रूपाने पुढे आली. कर्नाटकाच्या एकीकरणाचा आणि महाराष्ट्राच्या एकीकरणाचा आवाज एकाच शहरातून उठावा, ही बेळगावच्या इतिहासातली सर्वांत खोल गोष्ट आहे. पुढचा सारा ताण तिच्यात बीजरूपाने होता.

निपाणीची कथा वेगळ्या वाटेने जाते. अठराव्या शतकाच्या अखेरीस सिधोजीराव नाईक निंबाळकर, म्हणजे आप्पा देसाई निपाणीकर, हे पेशवाईतले दक्षिणेकडचे जबरदस्त सरदार होते. सरलष्कर हा त्यांचा किताब. चिकोडी आणि मनोळी तालुक्यांवरून कोल्हापूरकर छत्रपतींशी त्यांचे दीर्घ भांडण चालले. निपाणीचा वाडा, कोट आणि पेठ त्यांच्या काळात वाढली. १८३९ मध्ये त्यांच्या निधनानंतर संस्थान खालसा झाले आणि निपाणीची राजकीय गादी संपली. एखादी राजधानी अशी रिकामी झाली की बहुधा दोन पिढ्यांत ती खेडे होते. निपाणी मात्र टिकली, कारण पेठ टिकली आणि पेठ टिकली ती रस्त्यामुळे. पुण्याहून बेळगाव-धारवाडकडे जाणारा मोठा रस्ता निपाणीतून जात होता. पश्चिमेला राधानगरी-फोंड्यावरून कोकणात उतरणारी वाट होती. दक्षिणेला तवंदीचा घाट होता, म्हणून चढाआधी गाड्या निपाणीत थांबत. रेल्वे नसल्यामुळे माल गाडीवानांच्या आणि पुढे मालमोटारींच्या हाती राहिला. कोल्हापूर अवघे चाळीस किलोमीटर असल्यामुळे देशावरचे भाव निपाणीत लवकर कळत.

या पेठेला तंबाखूने नवे आयुष्य दिले. चिकोडी, हुक्केरी, कागल, गडहिंग्लज या भागातल्या काळ्या जमिनीत बिडीसाठी लागणारा उग्र, जाड पानाचा तंबाखू उत्तम येतो. विसाव्या शतकाच्या आरंभी देशात बिडीचा धंदा वेगाने पसरला. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर गुजरातेतून बाहेर पडलेल्या कुटुंबांनी जबलपूरकडे बिडीचे कारखाने काढले, स्वदेशीच्या चळवळीने सिगारेटविरुद्ध बिडीला बळ दिले आणि गिरणी कामगारांच्या वस्त्यांनी मागणी वाढवली. गुजरातमधला चरोतर आणि दक्षिणेतली निपाणी ही बिडीच्या तंबाखूची दोन मोठी नावे झाली. गुजराती, मारवाडी, जैन आणि लिंगायत व्यापाऱ्यांनी निपाणीत वखारी बांधल्या. कौलारू छपरांच्या, जाड भिंतींच्या, कमी खिडक्यांच्या या वखारी म्हणजेच निपाणीचा चेहरा. सिन्नर-सोलापूरच्या बिडी कारखान्यांपासून केरळपर्यंत इथला जर्दा जाई.

निपाणीचे वर्ष तंबाखूच्या वर्षाने चालत असे. जून-जुलैत गादीवाफ्यावर तरवा टाकायचा, ऑगस्टच्या आसपास रोपे लावायची, मग शेंडा खुडायचा आणि पुन्हा पुन्हा फुटणारे कोंब काढत राहायचे. हे काम टाळले तर पानात जोर उतरत नाही. पौष-माघात झाडे कापून शेतातच उन्हात पसरायची, उलटायची, वाळल्यावर पाला झोडून पोती भरायची. लावणीपासून पोत्यापर्यंत सहा-सात महिने शेतकऱ्याच्या हाती पैसा नसे. बियाणे, खत, किराणा, कापड, दवाखाना सारे उधारीवर आणि ती उधारी बहुतेक वेळा त्याच व्यापाऱ्याची, ज्याला पुढे माल घालायचा. मग माघ ते चैत्र या दिवसांत निपाणी भरून वाहू लागे. गाड्यांची रांग, वखारीपुढचे काटे, हमालांच्या हाका, हवेत डोळे चुरचुरवणारी तंबाखूची भुकटी, रात्री उशिरापर्यंत उघडी हॉटेले, सोन्याची आणि भांड्यांची दुकाने. वैशाखातल्या लग्नांचा खर्च याच दिवसांत ठरे. बेळगावात बारा महिन्यांत पसरलेली उलाढाल इथे काही आठवड्यांत कोंबलेली होती आणि म्हणून इथल्या गजबजीत आनंदाइतकीच धास्ती होती. यंदा भाव काय निघणार, या एका प्रश्नावर सगळे गाव श्वास रोखून असे.

या व्यापाराचे नियम शेतकऱ्याच्या विरुद्ध होते. धान्याप्रमाणे उघड लिलाव नव्हता. व्यापारी पाला पाहून भाव सांगे, वजनात सूट धरली जाई, पैसे हप्त्याहप्त्याने मिळत आणि शेवटचा हप्ता पुढच्या पेरणीपर्यंत लांबे. १९४३ मध्ये केंद्र सरकारने तंबाखूवर अबकारी कर बसवला, तेव्हा परवाने, नोंदवह्या आणि तपासनीस यांची भर पडली. सरकारला तंबाखूतून महसूल मिळू लागला, पिकवणाऱ्याला मात्र भावाची हमी मिळाली नाही.

वखारीच्या आतली बाजू याहून कठीण होती. तंबाखू चाळणे, काडी वेगळी करणे, प्रतवारी लावणे ही कामे हजारो स्त्रिया करत. बहुसंख्य गरीब आणि दलित घरांतल्या, रोजंदारीवरच्या. बंद वखारीत दिवसभर भुकटी नाकातोंडात जाई. खोकला, मळमळ, चक्कर ही रोजची गोष्ट. बिडी कामगारांसाठी १९६६ मध्ये कायदा झाला, पण कायदा आणि वखारीचे दार यांच्यात मोठे अंतर होते. १९८० च्या सुमारास या स्त्रियांनी संघटना बांधली, संप केले आणि मजुरी व वागणूक या दोन्हींत बदल मिळवले. युगांतर या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने १९८२ साली त्यांच्यावर माहितीपट केला. निपाणीच्या इतिहासात व्यापाऱ्यांच्या वाड्यांची नोंद जितक्या अगत्याने होते तितक्याच अगत्याने या स्त्रियांची व्हायला हवी, कारण ज्या मालावर गाव उभे राहिले तो त्यांच्या छातीतून गाळून निघाला.

अन्यायाविरुद्ध उभे राहण्याची परंपरा या भागाला त्याआधीपासून होती. मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतल्या माणगावला शाहू महाराजांच्या उपस्थितीत डॉ. आंबेडकरांची परिषद झाली होती. एप्रिल १९२५ मध्ये मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद निपाणीत भरली आणि तिचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते. मोठ्या रस्त्यावरचे, चोहोबाजूंनी खेड्यांनी वेढलेले बाजाराचे गाव म्हणून निपाणी अशा परिषदेला सोयीची होती. बेळगावात सभा वकील-शिक्षकांच्या पुढाकाराने भरत, निपाणीत त्या खेड्यांतून चालत आलेल्या माणसांनी भरत.

या परंपरेचे सर्वांत मोठे रूप १९८१ मध्ये दिसले. त्याआधी १९८० च्या अखेरीस नाशिक भागात कांदा आणि उसाच्या भावासाठी शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने रस्ते अडवले होते. महाराष्ट्राबाहेर संघटनेची पहिली मोठी लढाई निपाणीत झाली. १४ मार्च १९८१ पासून तंबाखूला रास्त भाव मागणारे शेतकरी पुणे–बेंगळूर महामार्गावर बसले. शरद जोशी आणि निपाणीचे प्रा. सुभाष जोशी यांचे नेतृत्व होते. हजारो स्त्री-पुरुष बैलगाड्यांसह आले आणि रस्त्यावरच राहिले. तिथे चुली पेटल्या, मांडव पडले, भजने झाली आणि त्या वस्तीला आंदोलननगर नाव पडले. मराठी बोलणारे आणि कन्नड बोलणारे शेतकरी तिथे एकत्र होते. सीमाप्रश्नावर जी दोन टोके एरवी समोरासमोर येत, ती भावाच्या प्रश्नावर एका रांगेत बसली. दिवसही हंगामाचेच होते. निपाणीची वर्षाची सारी ताकद ज्या आठवड्यांत एकवटते, त्याच आठवड्यांत ती वखारींऐवजी रस्त्यावर उतरली. तीन आठवड्यांनी, ६ एप्रिलला, पोलिसांनी आंदोलन मोडले आणि गोळीबारात बारा शेतकरी मृत्युमुखी पडले. कर्नाटकात तेव्हा आर. गुंडूराव यांचे सरकार होते. स्वतःच्या मालाला भाव मागताना मेलेल्या या बारा जणांचे ऋण देशातल्या पुढच्या प्रत्येक शेतकरी चळवळीवर आहे.

राज्य पुनर्रचनेने दोन्ही गावांच्या वातावरणात नवा ताण आणला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्याआधीच १७ जानेवारी १९५६ रोजी उसळलेल्या आंदोलनात बेळगाव आणि निपाणीत माणसे मारली गेली आणि हा दिवस दोन्हीकडे हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला. त्यात निपाणीसह २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे कर्नाटकाला द्यावीत, बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच ठेवावे, अशी शिफारस होती. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला, अंमलबजावणी झाली नाही आणि २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. बेळगावात या प्रश्नाचे रूप महापालिका, शाळा, पाट्या आणि निवडणुका असे शहरी राहिले. निपाणीत सीमा शब्दशः दाराशी आहे. गावाचे देवचंद महाविद्यालय अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीत, कागल तालुक्यात आहे. निपाणीची मुले रोज राज्य ओलांडून शिकायला जातात आणि पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची घेतात.

बेळगावची पगारी घडण स्वातंत्र्यानंतर आणखी पक्की झाली. डिसेंबर १९६१ च्या गोवा मोहिमेसाठी सैन्याची जमवाजमव बेळगाव भागात झाली आणि सांबऱ्याची धावपट्टी उपयोगी पडली. गोवा मुक्त झाल्यावर तिथली माणसे खरेदीला, शिक्षणाला आणि दवाखान्याला मोठ्या संख्येने बेळगावात येऊ लागली. पुढे ॲल्युमिनियमचा कारखाना आला, उद्यमबागेत ओतकामाचे आणि हायड्रॉलिक यंत्रांचे कारखाने वाढले, १९९८ मध्ये विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय इथे झाले. २०१२ मध्ये सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन झाले आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती पाच लाखांच्या जवळ होती, तर निपाणीची साठ हजारांच्या थोडी वर. सणांतही शहराची जुनी वळणे दिसतात. पंचांगाप्रमाणे येणाऱ्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर गल्ल्यांतून फिरते, गणेशोत्सवात तशीच गर्दी होते आणि गोव्याकडे परतणारे पाहुणे कुंदा व मांडे बांधून नेतात.

निपाणीचा तंबाखू मात्र ओसरला. बिडीची मागणी घटली, आरोग्याचे कायदे कडक झाले आणि दूधगंगा-वेदगंगेच्या पाण्याने ऊस जवळ केला. हालसिद्धनाथ सहकारी साखर कारखान्याने आणि आसपासच्या कारखान्यांनी तंबाखूच्या कितीतरी शिवारांत ऊस आणला. सोयाबीन आले. बोरगाव-माणकापूरकडे इचलकरंजीच्या धर्तीचे यंत्रमाग सुरू झाले. पुष्कळ वखारींची गोदामे, दुकाने किंवा मंगल कार्यालये झाली. महामार्ग रुंद होऊन गावाच्या बाजूने गेला. २०१८ मध्ये चिकोडीतून वेगळा होऊन निपाणी तालुका झाला आणि सरकारी कचेऱ्यांचे पगार गावात येऊ लागले. तरी मूळ घडण अजून पिकाचीच आहे. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू होते, ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्या रस्ते व्यापतात आणि कारखान्याच्या पहिल्या उचलीच्या आकड्यावर गावातले दुकानदार आपला माल भरतात.